ताळा जुळणारा पेपर

आमच्या कॉलेजात 'पुरालेखवाचन : ओळख' नावाचा 2 क्रेडिटचा पेपर आहे. पुरालेखवाचन म्हणजे दगडावर, तांब्यावर कोरलेले जुने लेख वाचणं. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा. मी कॉमर्सची, पेपर इतिहास विभागाचा. जानेवारी ते एप्रिल 2025 या सत्रात मी तो केला. आता नव्या पोरींचे फॉर्म भरायचे दिवस आलेत आणि रोज कुणीतरी विचारतं, "ताई, तो दगडांचा पेपर कसा आहे? मार्क पडतात का?" प्रत्येकीला जिन्यात उभं राहून सांगणं होत नाही, म्हणून सगळं इथं लिहिते.

मार्कांचं आधी सांगून टाकते. पेपर 50 मार्कांचा, मला 41 पडले. वर्गात आम्ही 32 जण होतो, नापास कुणी झालं नाही. तास शनिवारी दुपारी चार ते सहा. शनिवारी चार वाजता कॉलेजात शुकशुकाट असतो, कँटीन बंद, आणि अक्कलकोट, मोहोळकडून येणाऱ्या मुलींना घरी पोचायला रात्र होते. ज्यांना फक्त क्रेडिट हवेत त्यांनी दुसरा विषय घ्यावा. पण ज्यांना वर्षभरात एक तरी तास असा हवाय की घड्याळाकडं बघावंसं वाटत नाही, त्यांनी पुढचं वाचावं.

पहिला तास गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेच्या आठवड्यात होता. सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको; नंदीध्वज निघाले की वर्गात कोण बसतं! 32 पैकी 11 जण आलो होतो. मला वाटलं, मॅडम हजेरी घेऊन सोडतील. त्यांनी सोडलं नाही. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'शके 1195, श्रीमुख संवत्सर'. आणि म्हणाल्या, "ही तारीख खरी की खोटी ते शोधा. मला विचारायचं नाही."

आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. मग त्यांनी फळ्यावर रीत लिहिली. शके सालात 78 मिळवले की इसवी सन येतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पुढचं मला ठाऊक नव्हतं. संवत्सरं, म्हणजे वर्षांची नावं, साठ असतात, प्रभव पहिलं, क्षय शेवटचं, आणि मग परत पहिल्यापासून. आपल्याकडच्या रीतीत शके सालात 12 मिळवायचे, 60 नं भागायचं, जी बाकी उरेल तितक्या क्रमांकाचं संवत्सर त्या वर्षी. 1195 अधिक 12 म्हणजे 1207. साठनं भागलं, बाकी 7. यादीत सातवं नाव बघितलं: प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापती, अंगिरा, श्रीमुख.

जुळलं.

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. बाबा यंत्रमागावर आहेत, घरात कुणी दुकानदार नाही, व्यापारी नाही. तरी मी कॉमर्सला गेले ती एकाच कारणानं. दहावीनंतर चुलतभावाचं पुस्तक चाळताना तेरीजपत्रक बघितलं होतं. कीर्द लिहायची, खतावणी करायची, खात्यांच्या बाक्या काढायच्या, आणि शेवटी नावेची बेरीज आणि जमेची बेरीज सारखी आली पाहिजे. आली तर आली. नाही आली तर कुठंतरी चुकलंय, आणि ते आपल्यालाच हुडकायचंय. त्यात सरांनी 'बरोबर' म्हणायची वाट बघावी लागत नाही. गणितात आपण ताळा करतो तसं हे. मला हे फार आवडतं. आणि त्या शनिवारी, साडेसातशे वर्षांच्या अंतरावर बसून, मी एका तारखेचा ताळा केला होता आणि तो जुळला होता.

मॅडमनी नंतर सांगितलं की माझ्या चिठ्ठीवरचं साल पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातल्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखाचं होतं. शके 1195 ते 1199, म्हणजे 1273 ते 1277, यादव राजा रामचंद्राच्या काळातला. देवळासाठी कुणी काय दिलं त्याची नोंद. आमची अज्जी तरुणपणी वारीला गेली होती तेव्हा त्या शिळेला पाठ घासून आली होती, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. लोकांनी इतक्या पाठी घासल्या की अक्षरं झिजली. मी घरी येऊन अज्जीला सांगितलं, "तो देणगीदारांचा हिशोब होता गं." अज्जी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग आमच्या पाठीला देणाऱ्यांचं पुण्य लागलं की."

त्या रात्री मी दाते पंचांग काढलं. ते आमच्या सोलापुरातूनच निघतं, घरोघरी खिळ्याला लटकवलेलं असतं, पण मी त्यात आजवर चतुर्थी सोडून काही बघितलं नव्हतं. शके 1946, क्रोधी. 1946 अधिक 12, 1958, साठनं भागून बाकी 38, अडतिसावं क्रोधी. परत जुळलं. पुढं मार्चअखेर पाडव्याला 1947 लागलं तेव्हा मी पंचांग न उघडता बाबांना सांगितलं, यंदा विश्वावसू. बाबांनी उघडून बघितलं आणि शेजारच्या काकांनाही बोलावून दाखवलं.

तारखांवर आम्ही तीन शनिवार घालवले. अभ्यासक्रमात एवढा वेळ नव्हता, मॅडमनी तो काढला, आणि मला वाटतं तेच योग्य होतं. कारण यातले बारकावे हळूहळू उलगडतात. उदाहरणार्थ 78 नेहमी चालत नाहीत. आपलं शके वर्ष चैत्रात सुरू होतं, इंग्रजी वर्ष जानेवारीत. म्हणून लेखात माघ महिना असला तर तोवर इसवी सन बदललेला असतो आणि 79 मिळवावे लागतात. शके 1100 चा माघ म्हणजे 1179 चा जानेवारी-फेब्रुवारी, 1178 चा नव्हे. वर्गातल्या एका मुलानं हे मॅडमच्या आधी ओळखलं. मॅडमनी त्याला फळ्यापाशी बोलावून सगळ्यांना समजावायला लावलं. तो मुलगा तोवर वर्गात कधी बोलला नव्हता. त्यानंतर तो पहिल्या बाकावर बसायला लागला.

मग अक्षरं. सुरुवात ब्राह्मीपासून. जेम्स प्रिन्सेपनं 1837 साली ब्राह्मी वाचली, हे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि सगळे तिथंच थांबतात. आम्हाला ब्राह्मीच्या पहिल्याच तासाला स्वतःचं नाव त्या लिपीत लिहायला लावलं. 'क' म्हणजे बेरजेची खूण. 'ग' म्हणजे उलटं व्ही. 'ट' म्हणजे अर्धं वर्तुळ, 'ठ' म्हणजे पूर्ण. पंधरा दिवसांत वहीच्या मागच्या पानांवर मुली एकमेकींना ब्राह्मीत चिठ्ठ्या लिहायला लागल्या.

खरी झुंज पुढं होती, जुन्या नागरीत. ब्राह्मी परकी दिसते म्हणून आपण सावध असतो. जुनी नागरी ओळखीची दिसते आणि फसवते. 'व' आणि 'ध' एकमेकांत मिसळतात. 'म' आणि 'स' चा गोंधळ होतो. आणि सगळ्यात मोठी अडचण पृष्ठमात्रेची. आज आपण 'के' लिहिताना मात्रा डोक्यावर देतो. जुन्या लेखांत ती अक्षराच्या आधी उभ्या दांड्यासारखी येते. मी एका ओळीत सलग चार ठिकाणी मागच्या अक्षराला काना समजून वाचत होते आणि अर्थ काही लागत नव्हता. अर्धा तास गेला. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "दांडा कुणाचा आहे ते बघ. मागच्याचा की पुढच्याचा?" दांडे पुढच्या अक्षरांना देऊन वाचलं आणि अख्खी ओळ एका दमात लागली. त्यांनी आधीच सांगितलं असतं तर मी ते दुसऱ्या दिवशी विसरले असते.

मोडीचेही दोन तास झाले. तेवढ्यात मोडी येत नाही, हे स्वच्छ सांगते. आधी सलग रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, एवढं कळलं. ज्यांना मोडीच शिकायची आहे त्यांनी वेगळा वर्ग लावावा.

आता ठशांबद्दल, कारण या पेपरचा जीव तिथं आहे.

शिलालेखाचा फोटो काढून भागतं असं आपल्याला वाटतं. पण दगड खडबडीत असतो, डाग असतात, फोटोत भेग आणि रेघ सारखीच दिसते. म्हणून कागदावर ठसा घेतात. रीत अशी: दगड मऊ ब्रशनं आणि पाण्यानं धुवायचा. तारेचा ब्रश, ॲसिड, खिळा यांतलं काही लावायचं नाही. मग हातकागद भिजवून दगडावर पसरायचा आणि मधून कडेकडे ब्रशनं थोपटत जायचं, म्हणजे आतली हवा निघते आणि कागद कोरलेल्या खाचांत बसतो. तो जरा सुकला की काजळी आणि डिंकाची शाई कापडी बोळ्यावर घेऊन हलके हलके टिपायची. शाई फक्त वरच्या सपाटीला लागते. खाचा कोऱ्या राहतात. सगळा कागद काळा होतो आणि त्यातून अक्षरं पांढरी उठून येतात.

संरक्षित वास्तूवर असं परवानगीशिवाय करता येत नाही, आणि शिकाऊ हातांना करूच देऊ नये. म्हणून मॅडमनी पाथरवटाकडून एका फरशीवर चार ओळी कोरून घेतल्या होत्या, जुन्या वळणाच्या. ती फरशी आमच्या इमारतीमागं, पाण्याच्या टाकीजवळ ठेवलेली असते. आम्ही चौघा-चौघांचे गट केले. आमचा पहिला कागद फाटला, कारण फार भिजवला. दुसऱ्यावर शाई जास्त झाली आणि खाचांत उतरली, अक्षरं बुजली. तिसरा नीट आला. तो सोडवून घेताना चौघींनी चार कोपरे धरले होते आणि कुणी श्वास घेत नव्हतं. कागद उचलून बघितला तर काळ्यात पांढरी अक्षरं. कोपरापर्यंत हात काळे झाले होते. टाकीच्या नळावर साबण फिरवत होतो तेव्हा सायन्सच्या बाजूची मुलं बघायला गोळा झाली. त्यातल्या दोघांनी यंदा हाच पेपर घेतलाय.

मला त्या कामात आईचा हात आठवला. आई शेंगाची चटणी उखळात कुटते. तिचं म्हणणं, जोर लावायचा नाही, घाव मोजून द्यायचा, नाहीतर तेल सुटतं पण दाणा नीट मोडत नाही. थोपटायच्या ब्रशाचंही तसंच आहे. मी हे वर्गात सांगितलं आणि मॅडमनी दुसऱ्या गटाला समजावताना तेच सांगितलं: घाव मोजून द्या.

हा पेपर इतरांपेक्षा वेगळा वाटायला हेही एक कारण आहे. आपल्या घरात जे आहे ते इथं चालतं. एरवी वर्गात शिरताना घर बाहेर ठेवून यावं लागतं. इथं तसं झालं नाही. सगळ्यात जास्त मला ते कन्नडच्या तासांत जाणवलं.

सोलापूर जिल्ह्यात जुने कन्नड लेख आहेत, हे मला आधी विचित्र वाटायचं आणि आता वाटत नाही. कर्नाटकातल्या कल्याणच्या चालुक्यांचं राज्य इथं होतं, सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले आणि त्यांची वचनं कन्नडात. जत्रेला आपण ज्यांचा जयजयकार करतो त्यांच्या शब्दांची भाषा कन्नड आहे आणि जयजयकार करणाऱ्या गर्दीत मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही बोलणारे असतात. आमच्या घरातही तेच. आई अक्कलकोट तालुक्यातली, तिची आई म्हणजे माझी अज्जी कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. आमच्याशी मराठी बोलते, देवाशी आणि बहिणींशी कन्नड.

एका शनिवारी मॅडमनी एका कन्नड लेखाच्या ठशाची झेरॉक्स वाटली. बाराव्या शतकातलं वळण. वर्गात तिघांना कन्नड यायचं, पण ते बोलायला, वाचायला नाही. मी ती झेरॉक्स घरी नेली. अज्जीनं चष्मा पुसला, खिडकीपाशी बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. पहिला शब्द लागला, नमस्तुंग. दख्खनातले कितीतरी शैव लेख या शब्दानं सुरू होणाऱ्या श्लोकानं उघडतात हे मॅडमनी आम्हाला नंतर सांगितलं. अज्जीला ते माहीत नव्हतं, तिनं फक्त अक्षरं वाचली होती. सगळी नाही लागली. काही वळणं आजच्या कन्नडहून फार वेगळी. पण सहा-सात शब्द तिनं सोडवले. एका अक्षराला मात्र ती अडून बसली. "हे माझ्या शाळेत नव्हतं," म्हणाली.

मी ते अक्षर वहीत उतरवून मॅडमना दाखवलं. तो जुन्या कन्नडातला 'ऴ' होता. आजच्या कन्नडातून तो गेला, अज्जीच्या पाठ्यपुस्तकात असणं शक्यच नव्हतं. म्हणजे अज्जी बरोबर होती! तिला येत नव्हतं ते येणं शक्य नव्हतं म्हणून, आणि तिनं ते अंदाजानं काहीतरी म्हणून रेटलं नाही. मॅडम म्हणाल्या, "पुरालेख वाचणाऱ्याला हीच सवय लागते. जे लागलं नाही त्या जागी टिंबं द्यायची." पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं, अज्जींना वर्गात आणशील का? अज्जी आली. इरकल साडी नेसून, पिशवीत सगळ्यांना पुरेल एवढ्या शेंगापोळ्या घेऊन. दोन तास बसली. मुलांनी तिला अक्षरं विचारली, तिनं सांगितली. माझी अज्जी कॉलेजच्या वर्गात शिकवत होती आणि मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. या पेपरला मी जे काही देणं लागते त्यात हे पहिलं.

फेब्रुवारीत एका रविवारी हत्तरसंग कुडलला गेलो. सोलापूरहून विजापूर रोडनं दक्षिणेला, भीमा आणि सीना मिळतात तिथं. माणशी 240 रुपये वर्गणी, मिनीबस, डबा आपापला. संगमावर दोन जुनी मंदिरं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वराचं मंदिर 1999 साली उत्खननात मोकळं झालं. तिथं 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे आणि बहुतेक लोक ते बघायला येतात. आम्ही गेलो होतो संगमेश्वराच्या तुळईवरच्या लेखासाठी. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. शके 940 चा.

आत अंधार होता. सगळ्यांनी मोबाइलचे टॉर्च लावले आणि सरळ अक्षरांवर मारले. काहीच दिसेना, नुसता करडा दगड. मॅडमनी सगळे टॉर्च बंद करायला लावले आणि एकच, दगडाला जवळजवळ चिकटवून, कडेनं धरायला सांगितला. तिरपा उजेड पडला तशी प्रत्येक खाचेत सावली भरली आणि ओळच्या ओळ उभी राहिली. मी इतका वेळ जिथं बघत होते तिथंच ती होती.

आधी साल. नऊ, चार, शून्य. 940 अधिक 12, 952. साठनं भागून बाकी 52. यादीतलं बावन्नावं संवत्सर कालयुक्त. आणि दगडावर संवत्सराचं नाव कालयुक्तच. हे पुस्तकात छापलेलं आहे, मॅडमना माहीत होतं, पण त्यांनी आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. आम्ही मान वर करून, बोटांवर आकडेमोड करून ते काढलं. हजार वर्षांपूर्वी कुण्या कोरक्यानं जे लिहिलं त्याचा ताळा सोलापूरच्या कॉमर्सच्या पोरींनी केला आणि तो बरोबर निघाला.

मग शेवटची ओळ. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी अक्षर-अक्षर लावत गेले. वा. छि. तो. वि. जे. या. 'छि' ला अडले, कारण मला तिथं 'चि' हवा होता. मॅडमनी मान हलवली, जे आहे तेच वाच. वाछि तो विजेया होऐवा. जो वाचील तो विजयी होईल.

हा लेख पाठ्यपुस्तकांत 'मराठीतला पहिला शिलालेख' म्हणून येतो. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तर सगळीकडं ही ओळ फिरत होती, मलाही ती पाठ होती. मॅडम या 'पहिल्या'बद्दल सावध होत्या. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाचं साल शके 934 वाचलं जातं, कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळला कोरलेल्या मराठी ओळीचा दावा वेगळाच. त्यांचं म्हणणं, पहिला-दुसरा लावण्यापेक्षा साल सांगा, जागा सांगा, ओळ नीट वाचा. मला ते पटलं. आणि पाठ असलेली ओळ दगडावरून स्वतः वाचणं ही वेगळीच गोष्ट आहे. पाठ असताना मी कधी 'छि' म्हटलं नव्हतं, 'चि'च म्हणत होते.

परतीच्या वाटेवर एका गावात चहाला थांबलो तर पारावर तेल-शेंदूर लावलेला एक दगड. पूर्वी मी नमस्कार करून पुढं गेले असते. त्या दिवशी आम्ही सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसलो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन चाललेल्या अप्सरा, वर तो शिवलिंगापुढं बसलेला, आणि अगदी वर सूर्य-चंद्र. वीरगळ. सूर्य-चंद्र असेतोवर याची आठवण राहावी, म्हणून. चहावाल्या मामांनी विचारलं, काय बघताय, आणि मग तेही येऊन बसले.

सत्र संपल्यावर मी ओळखीच्या पोरा-पोरींना विचारत सुटले, तुझा आवडता पेपर कोणता. उत्तरं भलतीच वेगवेगळी आली. पॉलिटेक्निकला असलेला मामेभाऊ म्हणाला, सर्व्हेइंग. उन्हात साखळी-टेप घेऊन मैदानाभोवती फिरायचं, आणि शेवटी जिथून निघालो तिथंच रेघ येऊन मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर किती चुकलं तेही कळतं. रसायनशास्त्राच्या मैत्रिणीला टायट्रेशन आवडतं, त्या एका थेंबासाठी ज्यानं पाण्याचा रंग फिकट गुलाबी होतो आणि टिकतो. जिऑलॉजीवाला एकजण बसाल्टच्या खडकातल्या पोकळ्यांत स्फटिक हुडकतो. एकीनं मराठी कविता सांगितली, तिचं कारण वेगळं होतं, ते इथं आणत नाही. पण बाकीच्यांचं ऐकताना मला सारखा पहिला शनिवार आठवत होता. या सगळ्यांना आपलं बरोबर आलं की नाही ते सरांच्या तोंडाकडं न बघता कळतं. ज्या पेपरांत ते कळायची सोय नाही, ते कितीही सोपे असोत, आमच्यात कुणी आवडीनं सांगितले नाहीत.

आता तक्रारी, कारण त्या आहेत.

ग्रंथालयात कोरीव लेखांच्या संग्रहाची एकच प्रत आहे आणि ती घरी मिळत नाही. 32 जणांना एक प्रत, तीही पाच वाजेपर्यंत, आणि शनिवारी आमचा तास सहाला सुटतो. हातकागद आणि शाईचा खर्च मॅडमनी स्वतःच्या खिशातून केला, हे आम्हाला सत्र संपल्यावर दुसऱ्यांकडून कळलं. ते व्हायला नको होतं. ठशांना चार तास दिले होते, आठ हवेत. एका गटात चौघी असल्या की एकीच्याच हातात ब्रश राहतो.

पण सगळ्यात मोठी तक्रार परीक्षेची. चार महिने आम्ही वाचायला शिकलो आणि पेपर आला तो असा: 'पुरालेखांचे महत्त्व स्पष्ट करा.' 'टिपा लिहा : वीरगळ, गधेगाळ, ताम्रपट.' एकही अक्षर वाचायला नव्हतं. एकाही तारखेचा ताळा करायचा नव्हता. जी मुलगी कुडलला आली नाही, जिनं ठसा घेतला नाही, तिला गाईड वाचून माझ्याइतकेच मार्क पडले. मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही, तिनं विचारलं त्याचं उत्तर दिलं. पण ज्या मुलाला माघ महिन्याचं आपसूक सुचलं होतं, त्याला लिहायला जमत नाही आणि त्याला 24 पडले. तो निकालाच्या दिवशी काही बोलला नाही. मला फार वाईट वाटलं.

मी विभागात अर्ज दिलाय. त्यात एवढंच मागितलंय: पुढच्या वेळी प्रश्नपत्रिकेत एका ठशाचा फोटो छापा, चार ओळींचा, साल आणि संवत्सर असलेला. खाली लिहा, वाचा, आणि जे लागत नाही तिथं टिंबं द्या. अर्जावर आम्ही 32 पैकी 29 जणांनी सह्या केल्यात. माघवाल्या मुलानं त्याची सही ब्राह्मीत केलीय.